बिनखांबाची गॅलरी

३ फेब्रुवारी

आमच्या इंजिनिअरांच्या संघटनेचं पत्र आलं. संघटनेला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार आहे आणि त्यात माझा लेख हवा आहे. विषय: 'या व्यवसायात येण्याची प्रेरणा मला कुठून मिळाली'. चारशे शब्द, सोबत फोटो, शक्यतो हसरा. शिवाय वीस तारखेला कॉलेजातल्या मुलांसमोर याच विषयावर भाषण. अध्यक्षांनी पत्राच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "तुम्ही नाही म्हणणार नाही, याची खात्री आहे." नाही म्हणायची सोयच ठेवली नाही माणसाने.

प्रेरणा! मला दोन मार्क कमी पडले. विजेच्या शाखेची यादी माझ्या आधीच्या नावावर संपली आणि खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "सिव्हिलला जागा आहे, घेताय का? मागे रांग आहे." घेतली. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. यात चारशे शब्द कुठून आणायचे?

५ फेब्रुवारी

कलावंत येऊन डोकं खाऊन गेला. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र, आर्किटेक्ट. हे नाव मीच ठेवलेलं, तो मला 'मॅडम' म्हणतो, तेही चिडवायलाच. सात महिने आम्ही दोघं एका शाळेच्या इमारतीवर भांडतोय. मधे पटांगण, भोवती वर्ग, आणि पहिल्या मजल्यावरून पटांगणावर डोकावणारी एक लांबलचक गॅलरी. सात फूट बाहेर आलेली आणि तिच्याखाली एकही खांब नाही.

"दोन खांब दे," मी आज चाळिसाव्यांदा म्हटलं. "नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा."

"एकही नाही."

"का पण?"

"होत नाही असं सांग. मी लगेच गप्प बसतो."

तिथेच घोडं अडतं. होत नाही असं मला सांगता येत नाही, कारण होतं. भिंतीपाशी आठ इंच जाडी ठेवायची, टोकाला निमुळती करायची आणि मुख्य लोखंड सगळं वरच्या अंगाला बांधायचं. अधांतरी स्लॅब वरून ताणला जातो, खालून नाही. म्हणून सळई वरच्या पृष्ठभागापासून फक्त एक इंच खाली हवी. ती खाली दबली, तर ती गोदामात पडून असली काय आणि स्लॅबमध्ये असली काय, सारखंच. हे सगळं त्याला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे होतंय." होतंय बाबा, पण झोप माझी जाते.

जाताना त्याला विचारलं, तुला कुणी दिली रे प्रेरणा? म्हणाला, "खांबाने." शाळेत चौथीपर्यंत त्याची जागा एका जाड खांबामागे होती म्हणे. फळ्याची डावी बाजू त्याने कधी पाहिलीच नाही. पाढे अर्धेच उतरवायचा आणि उरलेल्यासाठी मार खायचा. बुटका असून मागे का बसवलं, तर शाळेत उशिरा घातलं होतं, तेवढीच जागा शिल्लक होती. अर्धी थाप असणार. या माणसाला गोष्टी चांगल्या रचता येतात. माझं पेन घेऊन गेला ते गेलाच.

९ फेब्रुवारी

लेखाच्या तीन सुरुवाती केल्या. पहिलीत लहानपणी पाहिलेला भव्य पूल आहे. असा पूल मी पाहिलेला नाही. दुसरीत आमचे बांधकामशास्त्राचे सर आहेत, पण ते तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांत स्वतःच झोपायचे. तिसरीत 'राष्ट्र उभारणी' असा शब्द आला, तिथे मी कागद फाडला.

जेवताना बाबांना विचारलं. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेत, कान मात्र तिखट. रोज संध्याकाळी मी घरी आले की त्यांचा एकच प्रश्न असतो: "आज कुठे चढलीस?" दुसरं काही विचारत नाहीत. माझ्या कामाबद्दल तीस वर्षांत त्यांनी एक चांगला शब्द काढलेला नाही, वाईटही नाही. मी म्हटलं, "बाबा, मी या लाईनला का आले असेन?"

"मला काय माहीत? मला विचारून गेली होतीस का?"

घ्या. पालथ्या घड्यावर पाणी.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी कुठली लिफ्ट बंद पडली की मला सोबत न्यायचे, पाने-पकडींची पिशवी माझ्या हातात. दुरुस्ती झाली की खाली माणसं ताटकळत उभी असायची, कुणाच्या हातात सामान, कुणाच्या कडेवर मूल. बाबा दार अडवून म्हणायचे, "थांबा. आधी मी." मग एकटेच शेवटच्या मजल्यापर्यंत जायचे, खाली यायचे, परत जायचे, परत यायचे. लोक चडफडायचे आणि बघायचे माझ्याकडे. लाज वाटायची. मी म्हणायचे, बाबा, मला तरी आत घ्या ना. कधीही घेतलं नाही. पिशवी सांभाळत खाली उभं राहायचं आणि वरच्या दोराची करकर ऐकायची. त्याचा राग मला अजून आहे, खरं सांगायचं तर. आता हे काय स्मरणिकेत लिहायचं?

१३ फेब्रुवारी

साइटवर गॅलरीचं लोखंड बांधायला घेतलंय. फिटर जुना, हाताचा चांगला. वरची जाळी वर राहावी म्हणून तिच्याखाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवतात. मी सांगितलं, हात-हात अंतरावर हव्यात, एकही कमी नको.

माझा एक हट्ट सगळ्या ठेकेदारांना ठाऊक आहे. माल ओतायच्या आधी मी स्वतः त्या जाळीवरून चालते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायाखाली सळई दबली तर खुर्च्या वाढवायच्या. ठेकेदार माझ्या माघारी म्हणतो, "मॅडमचं वजन झाल्याशिवाय स्लॅब होत नाही." म्हणू दे. बहात्तर किलो आहे, सत्कारणी लागतंय.

स्लॅब एकवीसला भरायचा ठरलाय.

२० फेब्रुवारी

भाषण उत्तम झालं! मलाच आश्चर्य वाटतंय.

सकाळी मात्र वैताग. कॉलेजच्या दारात पोचले आणि ठेकेदाराचा फोन, "मॅडम, काँक्रीटचा पंप आजच मिळतोय, उद्या नाही. भरून घेऊ का गॅलरी? फोटो टाकतो." चिडले, पण करणार काय, आत मुलं बसलेली, अध्यक्ष माझा हात धरून नेतायत. अकरा फोटो आले. स्टेजच्या मागे उभ्याउभ्या पाहिले. जाळी सुबक, खुर्च्या दिसत होत्या. लिहिलं, "चालेल, भरा."

मग बोलले. प्रेरणेचं जाऊ द्या म्हटलं, कामाचं सांगते. साइटवर स्वतः जा, पायाखालचं लोखंड पायाला कळतं, डोळ्यांना नाही. यावर टाळ्या पडल्या. एका मुलीने तर वहीत उतरवून घेतलं. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "अगदी हेच लेखात येऊ द्या. आणि शाळेच्या उद्घाटनाला पाहुणा म्हणून मीच येतोय बरं का, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी."

बाबांचा प्रश्न: "आज कुठे चढलीस?" म्हटलं, स्टेजवर. ते हसले नाहीत.

२१ फेब्रुवारी

फोटो परत पाहिले. मोठे करून.

नवव्या फोटोत एक गमबूट आहे. भरायच्या आधीचाच फोटो, कुणीतरी जाळीवर उभं होतं. त्या बुटाखाली सळया खाली गेल्यात. सुबक जाळीत एवढ्याच जागी बशीसारखा खड्डा.

एकच बूट आहे, फोटोपुरता. भरताना तिथे निदान आठ माणसं असणार, सकाळभर.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती मुलगी वहीत काय उतरवत होती, ते आठवून कानशिलं तापतात.

२४ फेब्रुवारी

काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे ते दाखवणारं यंत्र एकाकडून मागून आणलं. ठेकेदाराला सांगितलं, नेहमीची तपासणी. गॅलरीवर वीस जागी लावलं. भिंतीलगत, जिथे सगळा भार येतो तिथे, सळई एक इंचावर हवी. सापडली तीन इंचांवर, साडेतीनवर, चारवर. आठ इंचांच्या स्लॅबमध्ये चार इंच म्हणजे बरोबर मध्यावर. ताकद अर्धीसुद्धा उरली नाही.

फिटरला बाजूला घेऊन विचारलं. तो खोटं बोलला नाही. "ताई, खुर्च्या कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी करणार होतो ना आपण. तुम्ही चालून बघाल, मग लावू, असं मनात होतं. पंप आला आणि गडबड झाली."

तुम्ही चालून बघाल. दिवसभर हेच वाक्य डोक्यात.

२६ फेब्रुवारी

खाली टेकू आहेत तोवर गॅलरी ढिम्म उभी राहणार. टेकू काढल्यावरही कदाचित राहील. रिकामी राहील. पण पहिल्या स्नेहसंमेलनाला पटांगणात काही चालू असेल, दीडशे मुलं कठड्याला लोंबकळून बघतील, मागची मुलं पुढच्यांना ढकलतील. मी आकडेमोड तीन वेळा केली. आकडे बदलत नाहीत.

दुसऱ्या कुणाला हे माहीत नाही. फिटर बोलणार नाही, त्याला पोटाची काळजी. फोटो तपासले होते, परवानगी माझी होती, कागद सगळे नीट आहेत. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि सगळ्या कागदोपत्री गोठ्यात परत आल्या. गप्प बसले तर कदाचित वीस वर्षं काही होणार नाही. हा विचार मी केला, इथे लिहून ठेवते. चांगला दहा मिनिटं केला.

२७ फेब्रुवारी

कलावंताला सांगितलं. तो खुर्चीत बसला.

मी म्हटलं, दोन मार्ग आहेत. एक, फोडायची आणि पुन्हा करायची. दोन, टोकाला खांब द्यायचे. खांब दिले की भार दोन्हीकडे वाटला जातो, मधली सळईसुद्धा कामाला येते. मी हिशेब केलाय, बसतो. उद्घाटन वेळेवर होईल.

"म्हणजे शेवटी तुझेच खांब," तो म्हणाला. "सात महिने मागत होतीस. मिळाले."

"मी मुद्दाम केलं असं म्हणायचंय का तुला?"

"नाही. पण तू तिथे का नव्हतीस?"

"भाषण देत होते."

"कशावर?"

सांगितलं नाही. तो उठून गेला. ठेकेदाराला फोन केला तर त्याचं तिसरंच: "वाळूच्या गोण्या रचून बघू की मॅडम. पडली नाही तर झालं." म्हटलं, असा स्लॅब पडायच्या आधी ओरडून सांगत नाही हो. तो म्हणाला, "मग खांबच बरे." सगळ्यांना खांबच बरे वाटतायत. आधी मलाही वाटायचे.

२ मार्च

कलावंताने नवा नकाशा पाठवला, सोबत निरोप नाही. गॅलरीखाली पाच खांब, बारीक, जमतील तेवढे देखणे केलेले. मागच्या बाजूला पेन्सिलीने तळमजल्याचा एक वर्ग काढलाय. प्रत्येक बाकापासून दारातून पटांगणापर्यंत एकेक रेघ ओढलीय. खांबांमुळे ज्या रेघा अडतात त्या खोडून तिथे फुली मारलीय. नऊ फुल्या. खाली लिहिलंय: 'मुलं खाली पडण्यापेक्षा खांबामागे बसलेली बरी.'

म्हणजे ती थाप नव्हती.

मला हुंदका आला, आणि हुंदका आला याचाही राग आला. या माणसाने आयुष्यात एक गोष्ट धरून ठेवली होती. ती चूक असती तर मी आनंदाने मोडली असती. चूक तिची नव्हती, माझी होती, आणि भरपाई मात्र त्याने केली. नऊ बाकांवर बसणाऱ्या, अजून शाळेत न आलेल्या मुलांनी केली.

३ मार्च

मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. एकटीच. काही न लपवता सांगितलं: स्लॅब भरताना मी हजर राहायला हवं होतं, राहिले नाही, न जाता परवानगी दिली. खांब देऊन काम भागेल आणि ते सुरक्षितही असेल. पण मला ती गॅलरी फोडून पुन्हा करायची आहे. उद्घाटन पुढे जाईल.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. गृहपाठ न केलेल्या मुलीकडे बघतात तसं.

"खांबाने भागतंय, तर फोडायचं कशाला?"

मी तो नकाशा उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. नऊ फुल्या कसल्या, ते सांगितलं. बाई उठल्या, खिडकीशी गेल्या, जुन्या शाळेच्या वर्गाकडे बघत उभ्या राहिल्या. तिथेही एक खांब आहे. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण पाहुण्यांना तुम्ही कळवायचं. मी नाही कळवणार."

पाहुणे म्हणजे आमचे अध्यक्ष! हात दाखवून अवलक्षण ते हेच. फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "होतं असं. माझंही एकदा…" मग घसा साफ करून, "लेखात हे नको हं. लेख प्रेरणेवर आहे."

१० मार्च

फोडायला चार दिवस लागले, आज संपलं. खालचा टेकू तसाच ठेवून वरून, थोडं थोडं. चारही दिवस उभी राहिले. यंत्राचा प्रत्येक ठोका दातांत जातो. आपणच आखलेलं फोडताना बघण्याइतकं वाईट काही नसेल. ठेकेदार माझ्याशी बोलत नाही, फिटरमार्फत निरोप देतो, मी तीन फुटांवर असताना. कलावंत एकदाही आला नाही.

आतून जुन्या सळया निघाल्या तेव्हा फिटर म्हणाला, "बघा ताई, किती खाली गेल्या होत्या." बघितलं.

१९ मार्च

भरली. जाळीवरून तीन वेळा चालले, टाचा आपटत. एक सळई हलली नाही. भरताना माणसांना चालायला फळ्या टाकल्या, आणि संपेपर्यंत मी जागची हलले नाही. ठेकेदार चिडून बोलला, पण थेट माझ्याशी बोलला. तेवढं तरी.

संघटनेकडून आठवण: लेख कुठे आहे?

१६ एप्रिल

आज टेकू काढले. असल्या गॅलरीचे टेकू बाहेरच्या टोकाकडून काढत भिंतीकडे यायचं असतं, उलट केलं तर घात. मी एकेक मोजत होते. शेवटचा निघाला. दोरी लावून टोक मोजलं. उतरलं फक्त सुताभर, हिशेबात होतं तेवढंच.

कलावंत आला होता. दीड महिन्याने तोंड दाखवलं. मला माझं पेन परत दिलं, शाई संपलेलं. खाली उभा राहून पटांगण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होता, मधे काही नव्हतं. मग माझ्या मागोमाग जिना चढायला लागला.

"तू थांब खाली," मी म्हटलं. "आधी मी."

"गॅलरी माझी आहे!"

"असू दे. थांब."

फार भांडला. मुख्याध्यापिका बाई, ठेकेदार, फिटर, सगळे खाली ताटकळत उभे. ठेकेदार घड्याळ बघत होता. मी एकटी कठड्यापर्यंत गेले, पायांवर जोर देऊन उभी राहिले, या टोकाला गेले, त्या टोकाला आले, परत गेले. कलावंत खालून ओरडला, "मला का नाही?" चेहरा लहान पोरासारखा झाला होता. त्याला का अडवलं कोण जाणे. त्याच्या वजनाने काही बिघडलं नसतं. उगाच दुखावला, नंतर दोनदा वर नेऊन आणलं तेव्हा कुठे हसला.

लेखही आज पाठवून दिला. चारशे शब्द झाले नाहीत. 'दोन मार्क कमी पडले म्हणून आले. का राहिले, ते मला सांगता येत नाही.' एवढंच. छापोत किंवा न छापोत.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. आज टेकू निघणार, हे सकाळी त्यांना सांगून गेले होते.

"टेकू काढले?"

"काढले."

"पहिलं कोण चढलं?"

"मी."

"एकटीच?"

"एकटीच. तो मागे लागला होता, त्याला खालीच उभं केलं."

बाबांनी मान हलवली. शाबास वगैरे काही नाही, नेहमीप्रमाणे. दोन महिने रक्त आटवलं, त्यावर एक शब्द नाही माणसाचा. चष्मा काढला आणि पुसत बसले. घातला, परत काढला, परत पुसला. नंबर वाढलेला दिसतोय. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.